पित्ताआड दडलेली अर्धशिशी

डोक्याच्या दुखण्याला मराठीत जितकी क्रियापदे आहेत तितकी दुसऱ्या कुठल्या दुखण्याला क्वचितच असतील. डोके दुखते हे झालेच. पण ते उठते, चढते, ठणकते, भणभणते, जड होते, गच्च होते, फुटायला येते. त्यात घण बसतात, सणक जाते, कुणी पट्ट्याने आवळून धरल्यासारखे होते. चांदवडसारख्या तालुक्याच्या गावी कुठल्याही दवाखान्याच्या बाकावर तासभर बसले तर यातले निम्मे शब्द कानांवर पडतात. वाचकाला ही भाषेची श्रीमंती वाटेल. डॉक्टरला ती रोगनिदानासाठी लागते. कारण नेहमीच्या डोकेदुखीत रक्त तपासा, सीटी स्कॅन करा, एमआरआय काढा, अहवाल बहुधा निर्दोषच येतो. मायग्रेन दाखवणारे यंत्र अजून निघालेले नाही. दुखणे कसे सुरू झाले, किती तास टिकले, त्या वेळी माणूस काय करत होता, हे सांगणारी त्याच्या तोंडची वाक्ये हीच तपासणी.

मात्र या सगळ्या शब्दांवर आपल्याकडे एक शब्द भारी पडला आहे. तो म्हणजे पित्त.

‘पित्ताने डोके उठले’ हे वाक्य नाशिक जिल्ह्यात काय किंवा उरलेल्या महाराष्ट्रात काय, इतके रुळलेले आहे की त्यापुढे कुणी काही विचारत नाही. बाई सकाळपासून कपाळाला फडके बांधून अंधाऱ्या खोलीत पडलेली असते. उजेड नको, भांड्यांचा आवाज नको, फोडणीचा वास तर नकोच. दुपारी एक मोठी उलटी होते, त्यात कडू पिवळे पाणी पडते, मग झोप लागते आणि संध्याकाळी उठल्यावर डोके उतरलेले असते. घरातले म्हणतात, पित्त पडून गेले. दुसऱ्या दिवशी आम्लपित्ताची गोळी सुरू होते आणि लोणचे, मिरची, आंबट ताक बंद होते. पंधरा दिवसांनी तेच सारे पुन्हा घडते. अशी वीस-वीस वर्षे पित्तावर काढलेली माणसे कमी नाहीत, आणि त्यांपैकी बहुतेकांना असते ते मायग्रेन. आपल्या आजीच्या भाषेत अर्धशिशी.

या समजुतीत निरीक्षण खोटे नाही, हे आधी सांगायला हवे. मायग्रेनच्या झटक्यात पोटाचे काम खरोखरच मंदावते. जठरातले अन्न पुढे सरकत नाही, मळमळते, उलटी होते. आणि कित्येकांना, विशेषतः लहान मुलांना, उलटीनंतर आराम पडतो. उपाशीपोटी वारंवार उलटी झाली की शेवटी पित्तरसच बाहेर पडतो. तो डोळ्यांना दिसतो. चूक होते ती कार्यकारणाची. उलटी आणि डोकेदुखी ही एकाच झटक्याची दोन अंगे आहेत आणि झटका मेंदूत सुरू झालेला असतो. पोट मंदावल्याचा आणखी एक परिणाम असा की उशिरा घेतलेली गोळी जठरातच पडून राहते आणि ‘मला कुठलीच गोळी लागू पडत नाही’ असे रुग्ण सांगू लागतो.

गंमत अशी की ज्या वैद्यकशास्त्रातून पित्त हा शब्द आपल्या घराघरांत आला त्या शास्त्राने स्वतः ही गल्लत केलेली नाही. सुश्रुताच्या उत्तरतंत्रात डोक्याचे अकरा रोग सांगितले आहेत. त्यांत पित्तज शिरोरोग वेगळा आहे आणि ‘अर्धावभेदक’ वेगळा. अर्धावभेदक म्हणजे अर्धे डोके भेदणारा. तो पंधरा दिवसांनी, दहा दिवसांनी किंवा अचानक उठतो, असे तिथे म्हटले आहे. ठरावीक अंतराने परत येणे हे मायग्रेनचे लक्षण इतक्या जुन्या ग्रंथात नोंदलेले पाहून आजच्या मेंदूतज्ज्ञालाही कौतुक वाटावे. चरकाने सिद्धिस्थानात याची कारणे सांगताना अवेळी व अति खाणे, पूर्वेचा वारा, दहिवर, वेग अडवून धरणे, अति श्रम अशी यादी दिली आहे आणि हा रोग बळावला तर डोळा किंवा कान निकामी करू शकतो असा इशाराही दिला आहे. मायग्रेन डोळा घालवत नाही. पण डोळ्यातला दाब एकाएकी वाढणारा काचबिंदू अगदी असाच अर्ध्या डोक्यात दुखतो, उलट्या करवतो आणि वेळीच उपचार झाले नाहीत तर दृष्टी नेतो. कदाचित जुन्या वैद्यांनी दोन्ही एकाच नावाखाली पाहिले असावेत. ‘सूर्यावर्त’ हा आणखी एक प्रकार: सूर्याबरोबर चढणारा, माध्यान्ही पराकोटीला जाणारा, दिवस कलला की उतरणारा. आपल्याकडे अर्धशिशीवर सूर्योदयापूर्वी दूध-जिलेबी खायला देतात ती बहुधा याच कल्पनेतून. जिलेबीत औषध नाही. पण रात्रभराच्या उपाशी माणसाला उठल्याबरोबर खायला घालणे हा मायग्रेनच्या दृष्टीने वाईट सल्लाही नव्हे.

शब्दाचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. ग्रीक वैद्य गॅलेनने या दुखण्याला ‘हेमिक्रेनिया’ म्हटले. हेमि म्हणजे अर्धे, क्रेनियन म्हणजे कवटी. तो शब्द लॅटिन आणि फ्रेंच तोंडांत झिजत झिजत ‘मायग्रेन’ झाला. अर्धशिशीचे मूळ अर्धशीर्ष. म्हणजे आज ‘मला अर्धशिशी नाही हो, मायग्रेन आहे’ असे कुणी म्हणाले तर तो एकाच शब्दाची दोन भाषांतरे सांगत असतो. नावाने एक घोटाळा मात्र दोन्हीकडे करून ठेवला आहे: दुखणे अर्ध्याच डोक्यात हवे असे काही नाही. पुष्कळांचे संपूर्ण डोके दुखते, मानेपासून सुरू होते किंवा एकदा डावीकडे व एकदा उजवीकडे येते.

मग ओळखायचे कसे? आंतरराष्ट्रीय डोकेदुखी संघटनेने १९८८ साली प्रथम सर्व प्रकारांचे वर्गीकरण केले. त्याची तिसरी आवृत्ती २०१८ मध्ये आली. त्यानुसार मायग्रेनचा झटका औषध न घेता ४ ते ७२ तास टिकतो. दुखणे एका बाजूचे असणे, ठणकणारे असणे, काम बंद पाडण्याइतके असणे आणि जिना चढल्याने किंवा नुसते वाकल्याने वाढणे, या चारांपैकी दोन गोष्टी हव्यात. शिवाय मळमळ-उलटी तरी हवी, नाही तर उजेड व आवाज दोन्ही असह्य व्हायला हवेत. असे निदान पाच झटके येऊन गेलेले असावेत. यातले काहीही तपासणीच्या नळीत सापडत नाही, सारे सांगण्यात सापडते. ‘ठणकते’ हा एक शब्द रुग्णाने उच्चारला की अर्धे निदान पुढे सरकते.

‘आवळल्यासारखे’ हा शब्द दुसऱ्या दिशेला नेतो. ताणाची डोकेदुखी ही जगात सर्वांत जास्त आढळणारी डोकेदुखी. दोन्ही बाजूंना, घट्ट टोपी घातल्यासारखी, त्रासदायक पण माणसाला अंथरुणाला न खिळवणारी. तिच्यात उलटी होत नाही आणि चालण्याने ती वाढत नाही. अर्धशिशीवाली बाई डोक्याला फडके आवळून बांधते, कारण कानशिलाची ठणकणारी रक्तवाहिनी दाबली की तिला थोडे बरे वाटते. ताणाच्या डोकेदुखीत मात्र न बांधताच बांधल्यासारखे वाटते. मायग्रेनच्या मानाने ही साधी, म्हणून तिच्यावर इथे जास्त शाई खर्च करत नाही.

तिसरा प्रकार विरळा, पण ओळखला जात नाही म्हणून सांगायला हवा. त्याला इंग्रजीत क्लस्टर हेडेक म्हणतात. ‘झुंडीने येणारी’ असे म्हणता येईल. बहुधा पुरुषांत आढळते. एका डोळ्यामागे सळई खुपसल्यासारखी कळ येते, तो डोळा लाल होऊन वाहू लागतो, त्याच बाजूचे नाक चोंदते आणि पाऊण-एक तासात सारे ओसरते. पुन्हा दुसऱ्या दिवशी, अनेकदा घड्याळ लावल्यासारखे त्याच वेळी. असे काही आठवडे चालते आणि मग महिनोन्महिने काही नाही. मायग्रेनचा रुग्ण हलत नाही. हा मात्र एका जागी बसू शकत नाही, येरझारा घालतो, भिंतीवर डोके आपटतो. यावर मुखवट्यातून भरपूर प्राणवायू देणे हा उत्तम उपाय आहे. तो माहीत नसल्यामुळे काहींच्या निरोगी दाढा उपटल्या गेल्या आहेत.

मायग्रेनच्या वेळी आत काय घडते? मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही. वेदना कळते ती मेंदूवरच्या आवरणांना आणि त्यांतल्या रक्तवाहिन्यांना, आणि ती वाहून नेते चेहऱ्याची संवेदना नेणारी त्रिशाखी मज्जातंतूंची जोडी. एके काळी समजूत अशी होती की रक्तवाहिन्या आकसतात आणि मग फुगतात, एवढाच हा खेळ. आता चित्र बदलले आहे. मायग्रेन हा जन्मजात संवेदनशील मेंदूचा आजार आहे आणि तो बऱ्याच अंशी घराण्यात चालतो. झटक्याच्या आदल्या दिवशीच अशा मेंदूत हालचाल सुरू होते: जांभया येतात, मान आखडते, चिडचिड होते, गोड खावेसे वाटते. इथे एक फसगत होते. गोड खाण्याची इच्छा हा झटक्याचाच पहिला टप्पा असतो. माणूस पेढा खातो, चार तासांनी डोके उठते आणि दोष पेढ्यावर येतो.

काहींना डोके दुखण्यापूर्वी डोळ्यांपुढे नागमोडी, चमकत्या रेघांचे वलय दिसते. ते हळूहळू पसरत जाते आणि ५ ते ६० मिनिटांत विरते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल लॅशली यांनी स्वतःच्या दृष्टीपुढचे हे वलय कागदावर उतरवले, त्याचा वेग मोजला आणि १९४१ साली हिशेब मांडला की मेंदूच्या पृष्ठभागावरून मिनिटाला सुमारे ३ मिलिमीटर वेगाने काहीतरी सरकत असले पाहिजे. तीन वर्षांनी ब्राझीलचे अरिस्तिदेस लेआंव यांना सशाच्या मेंदूवर अगदी अशीच मंद लाट सापडली. तिच्या मागे मेंदूच्या पेशी काही काळ मूक होत होत्या. एकाने आपल्या दुखण्याचे नीट वर्णन केले आणि दुसऱ्याने ते प्रयोगशाळेत पाहिले. वैद्यकाच्या इतिहासात इतका सुरेख जोड फार वेळा जुळत नाही. पुढे १९९० च्या सुमारास पीटर गोड्सबी आणि लार्स एडविन्सन यांनी दाखवले की झटक्याच्या वेळी डोक्याकडून येणाऱ्या रक्तात सीजीआरपी नावाचे प्रथिन वाढते. त्यालाच अडवणारी इंजेक्शने २०१८ पासून बाजारात आली. त्यांच्या किमती मात्र चांदवडच्या खिशाला परवडणाऱ्या नाहीत.

बंगळूरच्या निम्हान्स संस्थेच्या संशोधकांनी कर्नाटकात घरोघर जाऊन केलेली पाहणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. १८ ते ६५ वयाच्या माणसांपैकी वर्षभरात डोके दुखलेले सुमारे ६४ टक्के निघाले आणि मायग्रेनचे सुमारे २५ टक्के. जागतिक सरासरी १४ टक्क्यांच्या आसपास मानली जाते. हे शहरी ताणाचे दुखणे असल्याचा आपला ग्रह आहे, पण या पाहणीत खेड्यांत डोकेदुखी शहरापेक्षा जास्तच आढळली. कर्नाटकाचे आकडे महाराष्ट्राला तंतोतंत लावता येणार नाहीत. पण आपली खेडी त्यांच्या खेड्यांहून फार निराळी नाहीत.

चांदवडचा उन्हाळा डोळ्यांपुढे आणा. तालुका कमी पावसाचा, पीक कांद्याचे. उन्हाळ कांद्याची काढणी येते नेमकी मार्च-एप्रिलच्या उन्हात. बाया पहाटे उठून भाकरी-भाजी करून, स्वतः नीट न खाता शेतावर जातात. दिवसभर वाकून कांदा उपटायचा, पात कापायची. तहान मारली जाते, कारण आडोसा नसतो. उपास, ऊन, कमी पाणी, अपुरी झोप आणि सतत वाकणे: मायग्रेन चेतवणाऱ्या गोष्टींची ही यादी पुस्तकातून काढल्यासारखी आहे. त्यातच स्त्रियांना हा आजार पुरुषांच्या जवळपास तिप्पट. पाळीपूर्वी इस्ट्रोजेन एकदम खाली येते तेव्हा झटका येण्याची शक्यता वाढते. गरोदरपणात तो बहुतेकींचा कमी होतो आणि पाळी गेल्यावर हळूहळू विझतो. रोजंदारीवरच्या बाईच्या लेखी एक झटका म्हणजे बुडालेला एक रोज. अशा बाईला ‘जागरण टाळा, ऊन टाळा’ असे सांगणे सोपे आहे.

चेतवणाऱ्या गोष्टींपैकी एक तर खास आपली आहे. मुंबईचे डोकेदुखीतज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांनी २००६ साली ‘सेफलाल्जिया’ या नियतकालिकात ९४ भारतीय रुग्णांची निरीक्षणे प्रसिद्ध केली. त्यांचे मायग्रेन डोक्यावरून न्हाण्याने उठत होते. पाश्चात्त्य पुस्तकांत हे कारण नव्हते. लांब केस, ते ओले राहणे, न्हाण्याचा ठरलेला वार, या आपल्या गोष्टी. आणि ‘न्हायले की माझे डोके उठते’ हे आपल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या सांगत आल्या होत्या. कुणीतरी ते लिहून घ्यायची वेळ होती, एवढेच.

हा अंक हाती असेल तेव्हा दिवाळी असेल, म्हणून सांगतो. नरकचतुर्दशीची पहाट अर्धशिशीवाल्यांच्या मुळावर येते. आदल्या रात्री फराळाचे जागरण, तळणाचा वास. पहाटे चारला उठणे, डोक्यावरून अभ्यंगस्नान, उटण्याचा-अत्तराचा दरवळ, फटाके, त्यांचा धूर आणि लखलखाट, देवदर्शन होईपर्यंत पोटात काही नाही. दुपारी घरातली कर्ती बाई आडवी होते आणि सगळे म्हणतात, फराळाचे पित्त झाले. चांदवडला त्याआधी महिनाभर रेणुकामातेचे नवरात्र असते. नऊ दिवसांच्या उपासातही हेच होते. रमजानच्या पहिल्या रोज्याला आणि ज्यूंच्या योम किप्पूरच्या उपासाला होणाऱ्या डोकेदुखीवर शास्त्रीय लेख आहेत. आपल्या नवरात्रावरही कुणी लिहायला हरकत नाही. उपास सोडा असे मी म्हणणार नाही, कुणी ऐकणारही नाही. पण पाणी भरपूर पिता येते, दर तीन तासांनी फळ किंवा दूध घेता येते, नेहमीचा चहा न चुकवता घेता येतो. कारण रोजच्या चहा-कॉफीची सवय एकदम मोडली तरी डोके उठते. केस आदल्या दुपारी धुऊन वाळवता येतात. पहाटे अंगावरून स्नान केले तर नरकासुराची काही तक्रार असणार नाही.

पित्ताखेरीज आणखी तीन ठिकाणी मायग्रेन दडते. पहिले सायनस: डोके दुखताना नाक चोंदते, डोळ्यांत पाणी येते, म्हणून ‘सायनसचा त्रास’ म्हणवणाऱ्यांपैकी बहुतेकांना तपासणीअंती मायग्रेन निघते. खऱ्या सायनसच्या दुखण्यात ताप असतो आणि नाकातून घट्ट पू येतो. दुसरे चष्मा: नंबरामुळे संध्याकाळी डोळे शिणून कपाळ जड होईल, पण उलटीसह ठणका लागणार नाही. तिसरे रक्तदाब: थोडाफार वाढलेला रक्तदाब डोके दुखवत नाही. उलट ठणक्यामुळेच तो त्या वेळी वाढलेला दिसतो.

सर्वांत मोठा धोका मात्र किराणा दुकानाच्या बरणीत आहे. डोकेदुखीची सुटी गोळी तिथे मिळते, चहाबरोबर घेतली जाते आणि सुरुवातीला गुण येतो. मग आठवड्यातून दोनदा, मग एक दिवसाआड, मग रोज. ‘डोके दुखू नये म्हणून’ शेताला निघतानाच. मायग्रेनच्या मेंदूला याची सवय लागते आणि गोळीचा अंमल उतरला की तो पुन्हा दुखू लागतो. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात १५ किंवा अधिक दिवस, आणि कॅफीन वगैरे मिसळलेल्या मिश्र गोळ्या १० किंवा अधिक दिवस, असे तीन महिन्यांहून जास्त चालले आणि डोके महिन्यातून १५ दिवस किंवा जास्त दुखू लागले, तर त्याला अति औषधाची डोकेदुखी म्हणतात. गोळी थांबवली की पहिले आठ-दहा दिवस दुखणे वाढते, म्हणून माणूस हरतो आणि पुन्हा बरणीकडे वळतो. मूत्रपिंड आणि जठर यांची किंमत वेगळीच.

उपचार दोन प्रकारचे आहेत आणि त्यांत गल्लत करू नये. एक झटका मोडण्याचा. डॉक्टरने ठरवून दिलेली वेदनाशामक गोळी पुरेशा मात्रेत, मळमळीच्या औषधासह, दुखू लागल्याबरोबर घ्यायची; सहन होईनासे होईपर्यंत थांबायचे नाही. केसांना कंगवा लावू देववत नाही, उशी टोचते, अशी अवस्था आली की औषधाची वेळ बहुधा टळलेली असते. याने भागले नाही तर ट्रिप्टान गटाची औषधे आहेत. सुमाट्रिप्टान १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला आले आणि पहिल्यांदाच खास मायग्रेनसाठी घडवलेले औषध हाती आले. हृदयविकार असलेल्यांना ती चालत नाहीत. दुसरा उपचार झटके येऊच नयेत म्हणून. महिन्यात चार-पाच झटके येत असतील तर प्रोप्रॅनोलॉल, अमिट्रिप्टिलीन, फ्लुनॅरिझिन यांसारखी औषधे काही महिने रोज घ्यावी लागतात. ही जुनी, स्वस्त औषधे आहेत; त्यासाठी नाशिक गाठायलाच हवे असे नाही. गुण यायला सहा-आठ आठवडे लागतात हे सांगितले गेले नाही, तर रुग्ण पंधराव्या दिवशी गोळ्या टाकून देतो. डोळ्यांपुढे वलय येणाऱ्या स्त्रीने इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घेऊ नयेत, कारण तिच्यात पक्षाघाताचा धोका वाढतो. गोळ्या देणाऱ्याला ही गोष्ट तिनेच आपणहून सांगावी.

आणि काही डोकेदुखींत पित्त, अर्धशिशी असली चर्चाच करू नये, थेट रुग्णालय गाठावे. वीज कोसळल्यागत क्षणात पराकोटीला गेलेले दुखणे. तापाबरोबर आखडलेली मान. हातापायातली शक्ती जाणे, तोंड वाकडे होणे, फिट येणे, शुद्ध हरपणे. डोक्याला मार लागल्यानंतरचे दुखणे. पन्नाशीनंतर आयुष्यात प्रथमच सुरू झालेले दुखणे, त्यातही कानशील हुळहुळे होऊन चावताना जबडा दुखत असेल तर. लाल डोळा, दिव्याभोवती रंगीत कडे आणि अंधुक दिसणे. द्राक्षबागेत किंवा कांद्यावर फवारणी करताना उठलेले डोके, घाम, लाळ आणि उलटी. आणि बाळंतीण. काही घरांत अजून बाळंतिणीला पाणी मोजून देतात, डोके-कान बांधून ठेवतात. तिचे डोके दुखले तर ‘वारा लागला’ म्हणतात. बाळंतपणानंतर मेंदूतल्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो, आणि शरीरात पाणी कमी पडले की तो वाढतो. सुरुवात अनेकदा नुसत्या डोकेदुखीनेच होते.

बाकीच्यांसाठी एक छोटी वही पुरे. दिनदर्शिकेवरही चालेल, दुधाचा हिशेब लिहितात तसा. डोके दुखले तो दिवस, किती वाजता उठले, किती तास टिकले, उलटी झाली का, पाळीचा कितवा दिवस, आदल्या रात्रीची झोप, काय खाल्ले नाही, आणि किती गोळ्या घेतल्या. तीन महिन्यांची अशी पाने डॉक्टरपुढे ठेवा. ‘पित्त’ हा शब्द त्यांत लिहू नका. ठणकले, आवळले, सणकले, जे झाले ते लिहा.